तुम्ही घ्या, सबनीस

मे महिना अर्ध्यावर आला की आमच्या सोळाव्या मजल्याच्या काचांवर धूळ येऊन थडकते. काच थरथरते, पडदा जागचा हलत नाही. आत एसी चालू असतो, सुनीता कलिंगड चिरत असते आणि बाहेर लू नावाचा तो पिसाट वारा वाळवंटातली रेती घेऊन दिल्लीभर हिंडत असतो. आता लूचा मला काही उपद्रव नाही. एके काळी तापल्या तव्यासारखी ती माझ्या तोंडावरून फिरलेली आहे. आता फक्त ऐकू येते. तरी ती आली की माझं बसणं बिघडतं. मी उगाच उठतो, फ्रिज उघडतो, बंद करतो. सुनीता म्हणते, पन्नाशी आली, उन्हाळा सोसत नाही तुम्हाला. मी हो म्हणतो. पुष्कळ गोष्टी वयावर ढकलता येतात, हा वय होण्याचा एक मोठाच फायदा आहे.

मी दिल्लीला आलो तेव्हा नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. देशाची दारं जगाला उघडली होती. दिल्लीतल्या घरमालकांची मात्र अजून साखळी लावूनच उघडत. यमुनेपलीकडे, गाझियाबादच्या हद्दीत, एका नव्या कंपनीनं रंगीत टीव्हीचा कारखाना काढला आणि त्याच्या खरेदी खात्यात मला घेतलं. बायको सुनीता आणि पाच वर्षांची मुलगी अनघा यांना पुण्यात ठेवून मी एक ट्रंक, एक वळकटी आणि 'आठ दिवसांत घर बघतो' हे वाक्य घेऊन निघालो. यातली ट्रंक अजून आहे.

सरोजिनी नगरात माझे चुलत साडू वसंतराव सरकारी क्वार्टरमध्ये राहत. नातं इतकं लांबचं की ते नीट सांगायला आम्हा दोघांनाही बायकांची मदत लागे. दोन खोल्या, त्यांची चार माणसं आणि व्हरांड्यात मी. आठ दिवसांचे तीन महिने झाले. वसंतराव सज्जन, एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त आधी ते पेपरातल्या 'टु लेट'च्या जाहिराती मनातल्या मनात वाचायचे, त्या हळूहळू मोठ्यानं वाचायला लागले. वाचून झाल्यावर पेपर घडी घालून माझ्या बशीशेजारी ठेवत. मी तो उघडून क्रिकेटचं पान वाचत असे. लाज सोडायची तर पुरती सोडावी, अर्धवट सोडली की फार टोचते.

त्या काळी दिल्लीत घर शोधायचं म्हणजे प्रॉपर्टी डीलरच्या काचेच्या दारामागं जाऊन बसायचं. टेबलावर फोन, भिंतीवर देव, कोपऱ्यात कूलर. डीलर पहिला प्रश्न विचारी, फॅमिली कहाँ है? मी सांगे, पुण्याला. तो माझ्याकडे असा बघे, की जणू मी फॅमिली कुठं तरी हरवूनच आलोय. मग वेज की नॉनवेज, कंपनी लीज की नाही, कितने लोग, आणि शेवटी एकदा घर. पण घरंही काय एकेक! एका घरात स्वयंपाकघर गच्चीवर आणि नळ तळमजल्यावर होता. दुसऱ्या ठिकाणी मालकानं मला न्हाणीघर म्हणून जे दाखवलं, त्यात आधीच एक सायकल उभी होती आणि ती तिथंच राहणार होती.

अशाच एका डीलरकडे मी घामानं निथळत बसलो होतो. डीलरनं तिसऱ्यांदा चहा मागवला आणि फोनवर कुणाशी तरी लग्नाच्या बँडबद्दल बोलायला लागला. मी मराठीत, कुणाला कळणार नाही या खात्रीनं पुटपुटलो, "हा मेला नुसता चहा पाजून मारणार आपल्याला."

शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं मान न वळवता म्हटलं, "चहा तरी पाजतोय. कालच्यानं पाणीसुद्धा विचारलं नाही."

ते इनामदार. सलीम इनामदार, मिरजेचे. वडील हायस्कुलात हेडमास्तर होते, स्वतः इंजिनिअर, आणि योगायोग असा की आमच्याच कारखान्यात, मागच्या शेडमध्ये. करोल बागेतल्या एका गेस्ट हाऊसमध्ये तिघांत एक खोली घेऊन राहत होते. घरी आई, बायको आणि तीन वर्षांचा मुलगा. त्यांच्या बायकोला मिरजेत शाळेची नोकरी चालून आली होती. जूनअखेरपर्यंत दिल्लीत घर मिळालं तर ती नोकरी सोडणार होती, नाहीतर इनामदारांनीच दिल्ली सोडायची, असं नवरा-बायकोत ठरलं होतं. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि वर म्हणाले, "म्हणजे आमचा संसार आता या डीलरच्या हातात आहे, आणि तो बँड ठरवतोय."

त्यांची स्कूटर मिरजेहून रेल्वेनं आली होती. दर रविवारी सकाळी ते सरोजिनी नगरच्या कोपऱ्यावर येत. मी मागं बसे. डोक्याला ओला पंचा, खिशात कांदा. लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात, असं वसंतरावांनी सांगितलं होतं. इनामदार म्हणत, दोन ठेवा, एक दुपारी भाकरीबरोबर होईल. यमुनेचा पूल ओलांडला की रस्ता पांढरा पडे. पलीकडे नव्या वस्त्या उठत होत्या: अर्धे खांब, उघड्या सळया, विटांचे ढीग आणि 'स्वप्नातलं घर' अशा अर्थाच्या पाट्या. पाटीच्या सावलीत मजूर झोपलेले असत. आम्हीही बसत असू. इनामदारांच्या आईनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी आणि माझ्याकडचे साडूंच्या घरचे पराठे. एवढ्या आगीत बसून मी जितका हसलोय, तेवढा नंतर थंड हवेत कधी हसलो नाही.

हसायला कारण असे, पण ते चांगलं नसे. माझं कसं होई, की मालक विचारी, कहाँ के हो? महाराष्ट्र म्हटलं की त्याचा चेहरा उजळे. 'मराठी लोग शरीफ होते हैं जी, टाइम पे मकान खाली कर देते हैं.' आपल्या प्रांताची कीर्ती इतक्या लांब पोचलेली पाहून मला अभिमान वाटायचा. मग तो इनामदारांकडे वळे. आप भी महाराष्ट्र से? जी. शुभ नाम? सलीम इनामदार. आणि मग मालकाला एकाएकी आठवे, की कानपूरचा साळा पुढच्याच महिन्यात बदली होऊन इकडे येतोय आणि घर त्याच्यासाठी ठेवायचं आहे. दिल्लीतल्या घरमालकांना कानपुरात इतके साळे आहेत, हे मला त्या उन्हाळ्यात समजलं. बाहेर येऊन स्कूटरला किक मारताना इनामदार म्हणत, "चला, आणखी एका साळ्याची सोय लावून दिली."

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, नुसतं इनामदार सांगा ना, आमच्यातही असतात इनामदार. ते हसले. "आणि आईची पत्रं कुठल्या नावानं येणार?" असं म्हणून त्यांनी गिअर टाकला. मी पुन्हा तो विषय काढला नाही. खरं म्हणजे मला हायसं वाटलं होतं, की सुचवून मी माझं कर्तव्य केलं.

आमच्यात सतत एका गोष्टीवरून चेष्टा चाले. पुण्यात आम्ही पाहुण्याचा पहिला 'नको' हाच शेवटचा धरतो, अशी आमची ख्याती. मी ती खोटी आहे म्हणून हिरिरीनं भांडायचो आणि बोलता बोलता डब्यातला शेवटचा पराठा त्यांनी 'नको' म्हटला म्हणून स्वतः खाऊन टाकायचो. ते हात जोडत. "सबनीस, आमच्याकडे तीनदा नको म्हटल्याशिवाय माणूस पाटावरून उठत नाही. पहिला नको तोंडाचा, दुसरा लाजेचा. तिसरा पोटाचा, तेवढाच खरा." मग मला रीतसर धडा दिला जाई: मी नको म्हणायचं, त्यांनी आग्रह करायचा, मी पुन्हा नको म्हणायचं. दोन रविवारांत मी तयार झालो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय. मला ठाऊक होतं. मला शिकवलेलं होतं.

जूनचा तिसरा रविवार. घर इनामदारांनीच हुडकलं होतं, डीलरविना, कारखान्याच्या दूधवाल्याकडून. गाझियाबादच्या एका सेक्टरात बीजी नावाच्या पंजाबी बाई राहत. लहानपणी फाळणीत लायलपूरहून आलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या विधवा. स्वतः वर राहायच्या आणि खालचा भाग भाड्यानं द्यायच्या. दोन खोल्या, मागं अंगण, अंगणात हातपंप आणि कुंड्यांची रांग. भाडं आम्हा दोघांनाही झेपेल असं. मी त्या अंगणात उभा राहिलो आणि मला तिथं अनघाची तीनचाकी दिसली. अगदी लाल रंगासकट.

बीजींनी नावं विचारली. इनामदारांनी सांगितलं आणि नेहमीप्रमाणे कानपूरच्या साळ्याची वाट बघत उभे राहिले. बीजी म्हणाल्या, "शाम को पौधों को पानी दे दिया करोगे? मुझसे अब झुका नहीं जाता."

इनामदारांनी कुंड्यांच्या रांगेकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, जी, ज़रूर. त्या म्हणाल्या, बस. तुम दोनों आपस में देख लो, जिसे आना हो कल आ जाए.

त्या अख्ख्या उन्हाळ्यात इनामदारांना असं विचारणारं ते एकच घर होतं. मला त्याच आठवड्यात दोन घरं 'हो' म्हणालेली होती. एकाला बाल्कनी नव्हती आणि दुसरं नाल्याजवळ होतं, म्हणून मी नाक मुरडून बसलो होतो.

बाहेर कोपऱ्यावर लिंबूपाण्याची गाडी होती. आम्ही उभ्यानं पीत होतो. ते काहीतरी बोलत होते, बहुतेक मुलाला झाडांना पाणी घालायला आवडतं असं काही. मी ऐकत नव्हतो. माझ्या खिशात सुनीताचं पत्र होतं. इकडच्या शाळेनं अनघाची जागा जुलैपर्यंत धरून ठेवली होती, दिल्लीकडचा पत्ता मागितला होता, आणि शेवटी लिहिलं होतं, की वहिनीच्या घरात आता तिला पाणी पिताना आवाज होतो का हेही बघावं लागतं. मी ते पत्र काढलं नाही. त्याबद्दल बोललोही नाही. फक्त सुस्कारा टाकून म्हटलं, "छान आहे हो घर." पण कसं म्हटलं, ते कागदावर उतरत नाही. दुसऱ्याच्या पानातल्या लाडवाकडे बघून लहान मूल 'छान दिसतोय' म्हणतं, तसं.

इनामदारांनी गाडीवर ग्लास ठेवला. माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "तुम्ही घ्या, सबनीस. तुमच्या मुलीची शाळा आहे."

आता माझी पाळी होती. 'काहीतरीच काय, तुम्ही शोधलंत' एवढंच म्हणायचं. मग ते पुन्हा म्हणाले असते, मी पुन्हा नाही म्हटलं असतं, आणि तिसऱ्या वेळेला जे खरं ते बाहेर आलं असतं. कदाचित तेव्हाही त्यांनी घर मलाच दिलं असतं. ते तसे होते. पण तो त्यांचा निर्णय झाला असता.

मी म्हणालो, "तुम्ही म्हणताय तर मग..."

वाक्य पूर्ण करायचीही गरज पडली नाही. ते हसले, अगदी थोडं. स्कूटर काढली. वाटेत आम्ही कारखान्यातल्या कन्व्हेयरबद्दल बोललो. निघण्याआधी लिंबूपाण्याच्या गाडीपाशीच मी त्यांचा हात हातात घेऊन दाबला होता. माझा हात थंड लागला असेल, नुकताच बर्फाचा ग्लास धरलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी ट्रंक घेऊन बीजींच्या दारात हजर. एरवी ऑफिसला पावणेदहाला जांभया देत पोचणारा मी! आगाऊ भाडं त्यांच्या हातात ठेवलं, ट्रंक आत टाकली आणि वळकटी आणायला परत सरोजिनी नगरला धावलो. वसंतरावांनी त्या दिवशी पेपर पुन्हा मनातल्या मनात वाचला. निघताना वाकून नमस्कार केला, तर म्हणाले, अहो राहिला असतात की चार दिवस. त्यांनीही एकदाच म्हटलं, पण त्यांचं मी बरोबर ओळखलं.

माणूस स्वतःला काय काय समजावतो! मी म्हटलं, त्यांनी स्वतः सांगितलं. मी म्हटलं, त्यांना मिळेल दुसरं. मी म्हटलं, भीड ही भिकेची बहीण, किती दिवस साडूच्या व्हरांड्यात झोपायचं. हे सगळं खरं होतं. खोटं एकही नव्हतं, हेच तर त्यातलं वाईट.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुनीता आणि अनघा आल्या. मी इनामदारांना जेवायला बोलावलं. ते आले, अनघासाठी लाकडी भोवरा घेऊन. सुनीतानं श्रीखंड केलं होतं. ती वाढायला आली आणि म्हणाली, घ्या भाऊजी, थोडं. मी ताटावरून नजर उचलली, कारण पुढं काय होणार ते मला माहीत होतं, आणि सुनीता कोल्हापूरची असल्यामुळे आग्रहात कमी पडणार नव्हती. इनामदारांनी पहिल्याच वेळी वाटी पुढं केली. दुसऱ्यांदा वाढलं, तेही घेतलं. तिसऱ्यांदाही. सुनीता नंतर म्हणाली, किती मोकळा माणूस आहे, नाहीतर लोक किती आढेवेढे घेतात.

त्या महिन्याअखेर त्यांनी राजीनामा दिला. स्टेशनवर मी गेलो होतो. स्कूटर ब्रेकव्हॅनमध्ये चढत होती, ते पावती सांभाळत होते. या कधी मिरजेला, म्हणाले. मी म्हटलं, नक्की. मिरजेवरून मी त्यानंतर किती तरी वेळा गेलोय, सुनीताचं माहेरच त्या बाजूला. मिरज जंक्शनला गाडी बराच वेळ थांबते. मी खाली उतरत नाही.

लोक विचारतात, दिल्लीत मित्र मिळतात का हो. मिळतात की. मंडळाच्या गणपतीत मिळतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मिळतात, सकाळी बागेत फिरताना मिळतात. यार म्हणतात, पाठीवर थाप मारतात. माझ्या ओळखी इतक्या आहेत की दिवाळीच्या मिठाईचे डबे ठेवायला जागा पुरत नाही. पण ज्याच्यासमोर मी घामानं भिजलेला, हताश, परक्या गावात पत्ता नसलेला असा बसलो आणि मला त्याचं काही वाटलं नाही, असा तो एकच. त्याची किंमत दोन खोल्या आणि एक अंगण, एवढी मी ठरवली.

बीजींच्या घरात आम्ही तीन वर्षं राहिलो. संध्याकाळी कुंड्यांना पाणी मीच घालायचो. तापलेल्या मातीवर पाणी पडलं की चर्र व्हायचं आणि असा वास उठायचा, की दिवसभराचं सगळं माफ. नंतर कंपनीनं कर्ज दिलं, आम्ही स्वतःचं घर घेतलं. सामान ट्रकमध्ये चढल्यावर किल्ल्या द्यायला मी वर गेलो आणि अंगणातली पत्र्याची झारीही सोबत नेली. म्हटलं, बीजी, ये आपकी.

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "ये मेरी कहाँ है? ये तो तेरा दोस्त छोड़ गया था, पहले दिन."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. मी ट्रंक टाकून गेलो, त्यानंतर अर्ध्या तासात इनामदार आले होते. हातात नवी कोरी झारी, आदल्या संध्याकाळी, म्हणजे मला 'तुम्ही घ्या' म्हटल्यानंतर, करोल बागेतून घेतलेली. दारातूनच आतली ट्रंक पाहिली, तिच्यावरचं माझं नाव वाचलं. बीजींनी विचारलं, तूही येणार आहेस का राहायला? ते म्हणाले, नाही, माझा मित्र येतोय, त्याची मुलगी लहान आहे. झाडांना पाणी घालायला ही लागेल त्याला. पाणीसुद्धा न पिता गेले.

"मैंने सोचा, तुम दोनों ने आपस में तय किया होगा," बीजी म्हणाल्या.

मी म्हटलं, जी. तय किया था.

आता बीजीही नाहीत. त्या सेक्टरात चार मजली घरं झाली, हातपंप कधीच गेला.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. पाहुणे आले, की कुणीतरी म्हणतं, ते घर शोधल्याचं सांगा ना. मी सांगतो. वसंतरावांचा पेपर, न्हाणीघरातली सायकल, बँड ठरवणारा डीलर. अनघाला पाठ आहे, मी चुकलो तर ती दुरुस्त करते. या गोष्टीत इनामदार आहेत, भरपूर आहेत, सगळ्यात जास्त हशा त्यांच्याच वाक्यांना मिळतो. शेवटी मी सांगतो, की मग आम्हाला बीजींचं घर मिळालं आणि इनामदार मिरजेला परत गेले. मधे काही राहिलंय असं कुणाला आजवर वाटलं नाही. मी सांगतोच तसं.

मागच्या रविवारी अनघा आणि जावई आले होते. लग्नाला वर्षही झालेलं नाही. जावई तसा अबोल, पण लक्ष देऊन ऐकतो. बाहेर लू, आत कलिंगड. मी रंगात येऊन सगळं सांगितलं, सगळे हसले. जावई हसून झाल्यावर म्हणाला, "पण बाबा, दोघंही गेला होतात ना बघायला? मग त्या बाईंनी इनामदारकाकांना का नाही दिलं घर? मुसलमान म्हणून?"

मी हातातली फोड खाली ठेवली. उत्तर त्यानंच आणून दिलं होतं, तयार, सोलून. त्या सबंध गोष्टीतल्या इतक्या घरांना ते लागू पडत होतं, की आणखी एका घराला लावलं तर कुणाला संशय येणार नव्हता.

"हो ना," मी म्हणालो. "दुसरं काय."

सुनीता म्हणाली, "बीजी? अहो, बीजी तशा नव्हत्या वाटत."

"तू नंतर आलीस," मी म्हटलं.

ती पुन्हा कलिंगड चिरायला लागली. तिला ते पटलं नव्हतं, पण तिनं एकदाच विचारलं. जावई हळहळला. अनघानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "काय एकेक माणसं असतात ना, बाबा."

मी म्हटलं, "असतात."